मलकाआत्याचा शब्द

“आत्या, पाणी बायआजीच्या उशाशी आलंय गं!”

“ओरडू नकोस. झोपू दे तिला,” आत्या म्हणाली आणि साडी वर खोचून सरळ पाण्यात उतरली.

भाद्रपदातलं उधाण होतं. खाडीचं पाणी कबरस्तानाच्या खालच्या भिंतीतून वाट काढत आत शिरलं होतं आणि आजीच्या कबरीला वळसा घालून निवांत उभं होतं, घरच्यासारखं. आत्याने वाकून हाताने ते मागे लोटायला सुरुवात केली. आता भरतीचं पाणी हाताने लोटून कुठे जातंय? पण आत्याला कोण सांगणार! सत्तरी ओलांडलेली बाई, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून समुद्राला “हो मागं, मेल्या” म्हणत होती.

ही मलकाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आडनाव खारवंडकर, कारण गाव खारवंडी. आमचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले असं सांगतात, त्यामुळे समुद्राशी आमचं नातं जुनं आणि तेव्हापासूनच जरा बिनसलेलं. एके काळी आमची अख्खी आळी होती. मग एकेक घर इस्राएलला गेलं. जाताना प्रत्येकाने आपापल्या आईबापाच्या कबरी सांभाळायला पैसे ठेवले. तो कबरस्तानाचा फंड. तो सांभाळणाऱ्याला आमच्यात चौगुला म्हणतात. चौगुला पुरुषच असायचा, पण पुरुष उरले कुठे? तेव्हा चौगुलेपण आलं आत्याकडे. नवरा गेल्यावर पोह्याची गिरण एकटीने चालवलेली बाई ती. फंडातल्या पैशाला तिच्याइतकं कुणी जपलं नसेल.

मी तेव्हा ठाण्याला एका सीएच्या ऑफिसात नोकरीला होते. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, रजा घेऊन गावी आले होते. या सगळ्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली.

ओहोटी लागल्यावर आम्ही वरच्या पायरीवर बसलो. मी म्हटलं, “भिंत बांधून घे ना. फंड कशाला आहे?”

“फंडाच्या व्याजात गवत निघतं आणि राखणदाराचा पगार निघतो. भिंत नाही निघत. म्हणून तर जास्त व्याजाचं बघितलंय.”

“कुठे?”

आत्या पदराने पाय पुसत बसली. बोट अन् बोट पुसलं. मग हळूच म्हणाली, “पलीकडची वीज कंपनी रोखे काढतेय. आपला शेजारचा पदमाकर एजंट आहे.”

पलीकडची म्हणजे खाडीपलीकडे नवीन उभी राहत असलेली. कोळशावर चालणारी. तिच्या जेट्टीचे खांब आम्ही बसलो होतो तिथून दिसत होते. माझं डोकंच फिरलं.

“आत्या, तू मटण घेताना दहा वेळा विचारतेस कोशेर आहे का. खवल्याशिवाय मासा घरात येऊ देत नाहीस. कोकणात जन्म घालवलास, पण कोलंबी कधी चाखली नाहीस! आणि फंडाला कोळसा चालतो? पैशाला चालतं-न चालतं, कोशेर-बिशेर काही नाही?”

“आमच्या चार दिडक्यांनी समुद्र वाढतो होय गं?”

“नाही वाढत. पण जगातला प्रत्येक जण हेच म्हणतोय. आणि हे पैसे कुणाचे? या खाली झोपलेल्यांचे. त्यांच्याच पैशाने त्यांच्या अंगावर पाणी आणायचं?”

मला वाटलं, आता उसळेल. आमच्या घराण्यात उसळणं फार. पण तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “हे सगळं मला ठाऊक आहे, अबी. बांधावरचे सरकारी इंजिनियर आले होते श्रावणात. ते म्हणाले, बाई, भिंत बांधा नाहीतर काही करा, समुद्र दरवर्षी वर येतोय, आणि कोळसा-तेल जाळायचं थांबत नाही तोवर येतच राहणार. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही मला.”

“मग नको ना देऊस पैसे! सूर्यावर वीज करणाऱ्यांचेही रोखे निघतात. चेक दिलायस का?”

“चेक नाही दिला. शब्द दिलाय.”

आणि मग जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून आत्याने मलिदा केला होता. मलिदा म्हणजे आमच्यातलं नवस फेडणं. गुळाचे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एवढं ताटात मांडायचं आणि एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं. हा आमचा पैगंबर. कोकणातल्या ज्यूंच्या हाकेला तो धावतो अशी आमची श्रद्धा. ऑपरेशनसाठी पनवेलला नेणं, दवाखान्यात बसून राहणं, थेंब घालणं हे सगळं पदमाकरने केलेलं. पदमाकर घरत, आमचा शेजारी, आगरी समाजातला, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला. लहानपणी शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, आमच्यात विस्तव पेटवायचा नाही म्हणून त्याची आई येऊन चूल पेटवून द्यायची आणि तो मागे मागे यायचा. बायआजीला काकी म्हणायचा, तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. आत्याला तो सख्ख्या भावाच्या जागी.

तर मलिद्याच्या ताटापुढे आत्याला उमाळा आला. सगळ्यांदेखत म्हणाली, “एलियाहू हनाबीच्या साक्षीने सांगते, पदमाकर, फंडाची पै न् पै तुझ्या त्या वीज कंपनीत घालीन.”

“असं कसं बोललीस?”

“बोलले! आनंद झाला होता. आनंदात माणूस बोलतं. सोमवार शेवटचा दिवस आहे. आणि पदमाकर बघ, चेक न्यायलासुद्धा आला नाही अजून. एवढा विश्वास आहे त्याचा माझ्या शब्दावर. आता त्याला तोंड कसं दाखवू?”

“मग पैगंबर रागावेल म्हणून सगळ्यांना बुडवणार?”

“पैगंबराचं मी बघून घेईन. पदमाकरचं काय? त्याच्या जावयाला त्या कंपनीत चिकटवलंय. त्याने सासऱ्याला सांगितलंय, एवढे रोखे खपवा. अगं, माझ्या शब्दावर त्याने वर कळवलंसुद्धा असेल. शब्द मोडला तर एलियाहू हनाबीपुढे खोटी पडेन, आणि नाही मोडला तर आईपुढे. सांग, कुणापुढे पडू?”

तिचे डोळे भरले होते. नुकतं ऑपरेशन झालेले डोळे. मी घाबरून म्हटलं, “आधी डोळे पूस. चोळू नकोस! यातून सुटायचा काहीतरी मार्ग असेलच.”

मार्ग होता, तिलाही माहीत होता. दारफळणीच्या सणाआधी, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाआधी, वर्षभरात तोंडून निघालेले नवस तीन जणांसमोर सोडवून घेतात. तेवढ्यावर आशा धरून आम्ही संध्याकाळी बिन्यामीनकाकांकडे गेलो. ते आमचे हजान, प्रार्थना म्हणणारे. प्रार्थनामंदिरात, गावात त्याला सगळे मशीदच म्हणतात, टांगत्या काचेच्या दिव्यांत खोबरेल ओतत होते.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. हातातली तेलाची किटली खाली ठेवली नाही.

“नाही जमणार, मलका.”

“का? सगळ्यांचे सोडवता, माझाच का नाही?”

“पहिलं म्हणजे तू विधवा. सधवेचा नवस तिचा नवरा ऐकल्या दिवशी रद्द करू शकतो. विधवेचा तिच्यावरच कायम राहतो. तोरात, आपल्या धर्मग्रंथात, स्पष्ट आहे.”

“घ्या!” आत्या म्हणाली. “म्हणजे इथेसुद्धा मेला उपयोगाला आला नाही.”

काका हसले नाहीत, पण तेल थोडं सांडलं. “दुसरं म्हणजे, हा नुसता देवाशी बोललेला नवस नाही. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द आहे. तो तीन माणसांनी काय, तीनशेंनी सुटत नाही. मोशेने मिद्यानात सासऱ्याला वचन दिलं होतं, इथेच राहीन म्हणून. पुढे मिसरला जायची आज्ञा खुद्द देवाने केली. तरी आमचे जुने लोक सांगतात, देव म्हणाला, मिद्यानात वचन दिलंस ना? मग मिद्यानात जा, त्या माणसासमोर उभा राहा आणि सोडवून घे.”

“खुद्द देवाला सोडवता आलं नाही?”

“देव दुसऱ्याच्या हक्काचं परस्पर सोडत नाही. पदमाकरसमोर जा. तोंडाने माग. त्याने सोडलं तर मग आम्ही तिघं बसू, विधवा असलीस तरी. अलिबागेहून एकाला बोलवून घेईन.”

“आणि त्याने नाही सोडलं तर?”

“तर चेक दे,” काका म्हणाले. “शब्द तो शब्द.”

मी तडकले. “काका, लढाईतसुद्धा शत्रूची फळझाडं तोडू नका असं तोरा सांगतो, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मग समुद्र फुगवायच्या धंद्यात पैसे घालायचं पाप नाही का?”

“आहे. पण एक पाप टाळायला दुसऱ्याचा विश्वास मोडायचा नसतो, पोरी. मागायचं असतं. मागायला लाज वाटते, तेवढीच अडचण आहे.” मग आत्याकडे वळून म्हणाले, “उद्याच जा. कशाला उगाच लांबवतेस? सकाळी तो घरीच असतो.”

माझा तर संताप झाला. घरी येताना आत्याला म्हटलं, “यांचं बरं आहे, दिव्यात तेल घालायचं आणि आपल्या पोटात गोळा.” आत्या रात्री जेवलीही नाही.

सकाळी आत्याला हजार कामं आठवली. कपाट आवरलं. मांजराला दोनदा दूध घातलं. गिरणीचा पट्टा सैल झालाय म्हणाली, तर गिरण विकून चार वर्षं झाली होती. शेवटी मी तिच्या पायात चपला घातल्या आणि हाताला धरून पदमाकरमामांकडे नेलं. त्यांचं घर म्हणजे मधलं एक कुंपण ओलांडून. तेवढ्या वाटेत ती तीनदा थांबली.

पदमाकरमामा पडवीत बसले होते. आम्हाला बघून उठलेच एकदम. “मलकाबाय! ये ये. अगो ऐकलंस का, चहा टाक.” त्यांच्या बायकोने, शेवंतीमामीने, चहा आणि तांदळाच्या तळलेल्या बोरांची ताटली आणून ठेवली.

आणि मग सुरू झालं! पाऊस कसा लांबला. वालाचं बियाणं कुठे चांगलं मिळतं. इस्राएलात दिमोन्याला गेलेल्या शेरॉनच्या मुलाला सैन्यात बोलावलं. एसटी हल्ली वेळेवर सुटते. आत्या बोलायची, मामा मान हलवायचे. मामा बोलायचे, आत्या “हो ना” म्हणायची. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. चेक, कंपनी, सोमवार, कुणी नाव काढत नव्हतं. चहा गार होऊन त्यावर साय धरली. मला वाटलं आता मीच किंचाळेन.

“आत्या,” मी दात ओठ खात म्हटलं, “बोर घे ना. तोंड उघडेल.”

आत्याने माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी आयुष्यात विसरणार नाही. मग पदर सारखा केला आणि उभी राहिली. बसून मागणं तिला बरं वाटलं नसावं.

“पदमाकर, मला माझा शब्द परत दे.”

मामांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

“मलिद्यापुढे दिलेला,” आत्या म्हणाली. “मी आपणहून दिला, तू मागितला नव्हतास. तुझा काही दोष नाही. तू नाही म्हणालास तर आत्ता चेक लिहून देते, चेकबुक आणलंय बरोबर. पण सोडलंस तर बरं होईल. मला ते पैसे कोळशात घालवत नाहीत रे. भिंतीपुरतं व्याज नाही मिळालं तरी चालेल. माझी आई कोरडी राहिली पाहिजे.”

पदमाकरमामा उठले आणि तडक आत निघून गेले.

झालं! मामी पदराचं टोक पिळत उभी. आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, मग ट्रंक ओढल्याचा. आत्या अजून उभीच होती, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून. “रागावला,” ती पुटपुटली. “बरोबर आहे त्याचं. साठ वर्षांचं शेजारपण घालवलं मी, एका जिभेपायी.” तिने पर्समधून चेकबुक काढलं. पेनचं टोपण निघेना. मी काढून द्यायला हवं होतं का नाही, मला आजही कळत नाही. नाही दिलं.

मामा बाहेर आले. डोक्यावर पांढरी टोपी होती. लग्नातली असावी, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नवा सदराही चढवला होता, बटणं मात्र वरखाली लागली होती.

“कसं म्हणायचं असतं ते सांग,” ते म्हणाले. “डोकं झाकलेलं लागतं तुमच्यात, एवढं मला ठाऊक आहे. तीनदा म्हणायचं ना?”

आत्याने चेकबुक खाली केलं. “तुला कुणी सांगितलं तीनदा म्हणून?”

“बिन्यामीनकाकांनी. मी गेलो होतो त्यांच्याकडे. नारळी पुनवेच्या नंतर लगेच.”

“तू? कशाला?”

मामांनी टोपी नीट केली. मास्तर माणूस, वर्गापुढे उभं राहिल्यासारखं बोलू लागले. “तू गवंडी बघायला सांगितलं होतंस ना भिंतीसाठी? त्याला घेऊन गेलो कबरस्तानात. उधाण होतं. काकीच्या कबरीपर्यंत पाणी. माझ्याबरोबरचा तो गवंडी हसून म्हणाला, मास्तर, एका हाताने भिंत बांधता आणि दुसऱ्या हाताने समुद्राला बोलावता होय? त्याला माझा धंदा ठाऊक होता. मलकाबाय, मला तिथे उभं राहवेना. काकीने मला भरवलंय. त्या दिवसापासून मी तुझ्या दारावरून जात नाही, मागल्या वाटेने जातो. चेक मागायला लागू नये म्हणून.”

“अरे मग सांगायचंस की मेल्या!”

“कसं सांगू? तू पैगंबराच्या नावाने बोललेली! मी नको म्हटलं आणि माझ्यापायी तुझा नवस मोडला, आणि तुझ्या डोळ्याला काही झालं म्हणजे? नवीन डोळे तुझे! मला धाक आहे तुमच्या एलियाहू हनाबीचा, लहानपणापासून. म्हणून काकांना विचारलं, मी परस्पर सोडू का? ते म्हणाले, तिने मागितल्याशिवाय नाही. मागणं तिचं, देणं तुझं. आणि तू आला होतास हे मी तिला सांगणार नाही, सांगितलं तर ती तुझ्यासाठी म्हणून मागेल, स्वतःसाठी नाही. तेव्हापासून रोज सकाळी पडवीत बसतो. आज येशील, उद्या येशील.”

मला त्या म्हाताऱ्या हजानाची किटली आठवली आणि सांडलेलं तेल. लबाड! दोन्हीकडचं ठाऊक असून चेहरा असा कोरा ठेवला होता की मी रात्रभर त्यांना शिव्या घातल्या.

“आणि जावई?” आत्याने विचारलं.

“रुसेल. रुसू दे. जावई रुसायचेच असतात,” शेवंतीमामी पहिल्यांदा बोलली. “तुम्ही म्हणा आधी ते तीनदा. सोमवार उजाडेल इथे.”

मामांनी हात जोडले. “मलकाबाय, तुला मोकळं केलं.”

आत्याने डोळे मिटले.

“तुला मोकळं केलं.” तिसऱ्यांदा मात्र नुसते ओठ हलले.

“ऐकू नाही आलं,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली. “मोठ्याने म्हण. पैगंबर म्हातारा आहे.”

“तुला मोकळं केलं गो बाय!” मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

आत्या धपकन खाली बसली. ताटलीतलं एक बोर तोंडात टाकलं, मग दुसरं, मग मूठभर. किती दिवसांची भुकेली होती कोण जाणे. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, “आता पैसे कुठे घालायचे सांग. पोस्टात नेऊन नाही टाकायचे मला. ही अबी म्हणते, सूर्यावर वीज करणाऱ्यांचे पण रोखे निघतात.”

“मी सांगू?” मामा म्हणाले. “मला वाटलं, आता तू माझ्याकडे पैशाचं काही बोलणार नाहीस.”

“का? एजंट बदलायचा शब्द कुठे दिलाय मी? तूच शोधायचंस. व्याज कमी असलं तर चालेल, फार कमी नको. भिंत बांधायचीय.”

“सूर्यावरच्यात कमिशन काय असतं कुणास ठाऊक.”

“कमिशन नंतर! आधी कंपनी बघ. आणि नीट चौकशी कर, नाहीतर सूर्याच्या नावाने कुणीतरी टोपी घालायचा.”

झालं, दोघांची जुंपली. मामा म्हणत होते थोडे पैसे बँकेतच राहू देत, आत्या म्हणत होती मास्तरकी करू नकोस. मामी हसत हसत गार चहा उचलून नेत होती. मला एकाएकी तिथे बसवेना. मी उठून बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले, मनसोक्त, हुंदके देऊन. दुःख कसलंच नव्हतं. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते इतकं होतं हे उतरल्यावर कळलं.

आतून आत्याचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत.

“अगं, कोण मेलंय बाहेर? ये आत! दुसरा चहा झालाय.”